पोस्ट डिलीट केली, पण परवानगी संपली का?

फॅमिली ग्रुपवर आणि फेसबुकवर अधूनमधून एक लांबलचक मेसेज फिरतो, की मी याद्वारे जाहीर करते की फेसबुकला माझे फोटो, माझ्या पोस्ट, माझी माहिती वापरायची परवानगी नाही, आणि खाली आवर्जून लिहिलेलं असतं की शेअर करू नका, कॉपी पेस्ट करा. २०१२ च्या आसपासपासून हा मेसेज वेगवेगळ्या रूपात चालूच आहे, कधी त्यात कुठल्यातरी कायद्याचं कलम घातलेलं असतं, कधी टीव्हीवर बातमी आली म्हणून सांगितलेलं असतं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये "गुडबाय मेटा एआय" (मेटा म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) या नावाने तोच प्रकार इन्स्टाग्रामवर लाखो लोकांनी स्टोरीला लावला. याने काहीही होत नाही. अकाउंट उघडताना आपण कंपनीच्या अटी मान्य केलेल्या असतात, तो करार झालेला असतो, आणि एकदा झालेला करार आपण एकट्याने जाहीर करून बदलत नाही.

पण हा मेसेज टाकणाऱ्या काका-मावश्यांना जे लोक हसतात त्यांचं मला अजिबात पटत नाही. त्यांना जी भीती वाटते ती खरी आहे, की आपण टाकलेलं आपल्या हातात राहिलंय का. आणि याचं नीट उत्तर त्यांना मराठीत कुणी देत नाही, म्हणून ते मिळेल तो मेसेज चिकटवतात. म्हणून हे लिहितोय.

आधी मालकीचं बघू, कारण तिथे गोंधळ जास्त असला तरी उत्तर सोपं आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स (आधीचं ट्विटर), सगळ्यांच्या टर्म्समध्ये स्पष्ट लिहिलंय की तुम्ही टाकलेला मजकूर, फोटो, व्हिडिओ तुमचाच. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात तर नोंदणी पण लागत नाही, तुम्ही कविता लिहिली, फोटो काढला, की तेव्हापासून तो हक्क तुमचा. (एक गोष्ट जाता जाता, कारण बहुतेकांना माहीत नसते: लग्नात पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला आणि त्याच्याशी वेगळा काही करार केला नसेल, तर कलम १७ प्रमाणे त्या फोटोंचा पहिला मालक तो नाही, ज्याने पैसे देऊन काढून घेतले तो.) म्हणजे "फेसबुकवर टाकलं की फेसबुकचं झालं" हे चूक. कंपनीला मालकी नकोच असते, तिला परवाना पुरतो, ज्याला सगळे लायसन्स म्हणतात.

हा परवाना कसा असतो ते फेसबुकच्या भाषेत सांगायचं तर जगभर चालणारा, एकट्या त्यांनाच दिलेला नाही असा, पैसे न देता मिळणारा, दुसऱ्याच्या नावावर करता येणारा आणि त्यांनी पुढे आणखी कुणाला देता येणारा. आणि त्यात काय काय करता येईल, तर साठवणं, वापरणं, वाटणं, बदलणं, कॉपी करणं, लोकांना दाखवणं, भाषांतर करणं आणि त्यावरून नवीन काहीतरी बनवणं. हे वाचून घाबरायला होतं, पण यातल्या बऱ्याच गोष्टींना साधी कारणं आहेत. तुमचा फोटो एका सर्व्हरवर राहत नाही, अनेक ठिकाणी त्याच्या कॉपी ठेवतात, ती झाली कॉपी. मोबाइलवर बसावा म्हणून त्याचा आकार कमी करतात, तो झाला बदल. तुमची मराठी पोस्ट कानडी मित्राला वाचता यावी म्हणून खाली भाषांतराचं बटण येतं, ते झालं भाषांतर. परवाना नसेल तर यातलं काहीच कायदेशीरपणे करता येणार नाही आणि साइटच चालणार नाही. ज्याचं शेत आहे त्याला हे पटकन कळेल: सातबारा तुमच्याच नावावर राहतो, पण कसायला तुम्ही दुसऱ्याला दिलंय, फुकट दिलंय, आणि तो पुढे आणखी कुणाला कसायला देईल यालाही आधीच हो म्हणून बसलाय.

अडचण अशी की साइट चालवायला जेवढं लागतं त्यापेक्षा हे शब्द बरेच मोठे लिहिलेले असतात, आणि त्या मोकळ्या जागेत काय काय बसतं हे लोकांना नंतर कळतं. डिसेंबर २०१२ मध्ये इन्स्टाग्रामने, म्हणजे फेसबुकने ते घ्यायचं ठरवलं त्याच वर्षी, नवीन टर्म्स जाहीर केल्या ज्यात असं होतं की एखादा धंदा आम्हाला पैसे देऊन तुमचं नाव, तुमचे फोटो जाहिरातीसोबत दाखवू शकतो आणि तुम्हाला त्याचे काही मिळणार नाहीत. जगभर आरडाओरडा झाला, फोटोग्राफर लोक अकाउंट बंद करायला लागले, आणि थोड्याच दिवसांत इन्स्टाग्रामचे सहसंस्थापक केव्हिन सिस्ट्रॉम यांनी तो जाहिरातीचा भाग मागे घेऊन २०१० चा जुना मजकूर परत आणला. फेसबुकवर तर असं प्रत्यक्ष चालूच होतं, तुम्ही एखादं पेज लाइक केलं की तुमचं नाव आणि फोटो लावून ती जाहिरात तुमच्या मित्रांना दाखवायचे, त्यावर अमेरिकेत खटला झाला आणि २०१३ मध्ये २ कोटी डॉलरची तडजोड झाली. नाव आणि प्रोफाइल फोटो जाहिरातीजवळ दाखवायची परवानगी मात्र त्यांच्या टर्म्समध्ये नंतरही राहिली.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. टर्म्स वाचताना सगळे लोक "काय काय करू शकतात" ते वाचतात, पण खरं बघायचं असतं ते हे की परवाना संपतो कधी. एकच वाक्य असतं ते, बहुतेक वेळा त्याच परिच्छेदाच्या शेवटी, आणि सगळा खेळ त्या वाक्यात असतो.

याचा पहिला मोठा धडा फेब्रुवारी २००९ चा आहे. फेसबुकच्या जुन्या टर्म्समध्ये होतं की तुम्ही मजकूर काढलात की परवाना संपतो. नवीन टर्म्समध्ये त्यांनी ते वाक्यच गाळलं. काही दिवसांनी कन्झ्युमरिस्ट नावाच्या ग्राहकांच्या ब्लॉगने ते पकडलं, की याचा अर्थ आता तुम्ही अकाउंट बंद केलं तरी तुमचे फोटो कायमचे त्यांचे वापरायला मोकळे. मग मार्क झुकरबर्ग यांनी खुलासा लिहिला, आणि तो खुलासा वाचण्यासारखा आहे कारण त्यात एक खरा मुद्दा होता: तुम्ही मित्राला मेसेज पाठवला की त्याच्या दोन कॉपी होतात, एक तुमच्याकडे, एक त्याच्या इनबॉक्समध्ये, आणि तुम्ही निघून गेलात तरी मित्राकडची कॉपी राहणारच, ईमेलचंही तसंच असतं. हे बरोबर आहे. पण मित्राच्या इनबॉक्समधली कॉपी राहावी एवढ्यासाठी कंपनीला सगळ्याच गोष्टींचा कायमचा परवाना लागत नाही, आणि लोकांनी नेमकं हेच धरून ठेवलं. काही दिवसांतच जुन्या टर्म्स परत आल्या. एक वाक्य परत आणायला हजारो लोकांना ओरडावं लागलं.

आज काय आहे? फेसबुक आणि इन्स्टाग्रामचं वाक्य असं आहे की तुमचा मजकूर आमच्या सिस्टीममधून डिलीट झाला की परवाना संपतो. नीट वाचा, तुम्ही बटण दाबल्यावर नाही, सिस्टीममधून गेल्यावर. आणि त्याला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात असं तेच सांगतात, वर काही सवलती ठेवल्यात: दुसऱ्या कुणी तुमचा मजकूर परवान्यातच बसेल असा वापरला असेल आणि त्याने काढला नसेल, तर तो तिथे राहणार, आणि तपासासाठी किंवा कायद्यासाठी ठेवावा लागला तर ठेवणार. यूट्यूबचं वेगळं, व्हिडिओ काढल्यावरही "व्यावसायिकदृष्ट्या वाजवी" तेवढा काळ परवाना चालू राहतो, आणि काढलेल्या व्हिडिओची सर्व्हरवरची कॉपी ते ठेवू शकतात, फक्त दाखवायची नाही. वाजवी म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. आणि रेडिट या चर्चेच्या साइटचा परवाना तर सरळ कायमचा आणि परत न घेता येणारा आहे, म्हणजे तुम्ही कमेंट पुसली तरी परवाना पुसला जात नाही. याची किंमत काय असते तेही कळलंय, २०२४ मध्ये शेअर बाजारात उतरताना रेडिटने आपल्या कागदपत्रांत सांगितलं की डेटा वापरायला देण्याचे त्यांचे करार मिळून २०.३ कोटी डॉलरचे आहेत. त्या कमेंट ज्यांनी लिहिल्या, त्यांचा परवाना फुकट होता.

कायमचा परवाना म्हणजे वाईटच असं नाही हां. मराठी विकिपीडियावर जे लोक लिहितात, किंवा विकिपीडियाच्याच कॉमन्स या फोटोंच्या साइटवर आपल्या गावातल्या मंदिराचा, किल्ल्याचा फोटो चढवतात, ते पण परत न घेता येणारा परवाना देतात, पण तो सगळ्या जगाला देतात, जाणूनबुजून देतात आणि नाव देण्याची अट घालून देतात.

बटण दाबल्यावर नक्की काय होतं तेही बघू. पोस्ट लोकांना दिसायची लगेच बंद होते, पण इन्स्टाग्रामवर ती आधी "रीसेंटली डिलीटेड"मध्ये जाते आणि ३० दिवस तिथे पडून राहते, तिथून काढली किंवा मुदत संपली की मग खरी प्रक्रिया सुरू होते. पूर्ण अकाउंट डिलीट करायचं तर फेसबुक ३० दिवस वाट बघतं, मध्येच तुम्ही लॉगिन केलंत तर सगळं रद्द करून परत आत येऊ शकता, आणि त्यानंतर ९० दिवस, आणि त्यानंतरही बॅकअपमध्ये कॉपी राहू शकतात हे त्यांनीच लिहिलंय. डिअॅक्टिव्हेट करणं म्हणजे यातलं काहीच नाही, त्यात फक्त पडदा पडतो, आत सगळं जसंच्या तसं असतं, आणि खूप लोक डिअॅक्टिव्हेट करून समजतात की आपण गेलो. तुम्ही पाठवलेले मेसेज अकाउंट गेलं तरी समोरच्याच्या इनबॉक्समध्ये राहतात.

भारतात याला अजून एक पदर आहे. आपल्या २०२१ च्या आयटी नियमांनुसार, तुम्ही अकाउंट बंद केलंत तरी नोंदणीसाठी घेतलेली तुमची माहिती कंपनीने १८० दिवस ठेवायची असते. म्हणजे कंपनीने उद्या ठरवलं की आम्ही सगळं त्याच दिवशी पुसतो, तरी हे तिला पुसता येणार नाही.

व्हॉट्सअॅपबद्दल लोक खूप विचारतात. तिथला परवाना त्या मानाने आखडता आहे, सेवा चालवायला लागेल तेवढाच, आणि मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला उघडतील असे) असल्याने कंपनीला ते वाचता येत नाहीत. पण "सर्वांसाठी डिलीट" दोन दिवस आणि काही तासांपर्यंतच चालतं, आणि तोवर फोटो समोरच्याच्या गॅलरीत उतरलेला असतो, त्याच्या बॅकअपमध्ये गेलेला असतो, आणि पुढे पाच ग्रुपवर पोचलेला असतो, तिथे तुमचं बटण पोचत नाही.

यावरून दुसऱ्यांनी केलेल्या कॉपीचा विषय येतो आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त हाच लागतो. फेसबुकवर मराठीत किती चांगलं लिहिणारे लोक आहेत, आणि त्यांची पोस्ट सकाळी टाकली की संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर नाव कापून, खाली "लेखक अज्ञात" किंवा भलत्याच मोठ्या लेखकाचं नाव लावून फिरते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, फेसबुकवर पब्लिक टाकलं म्हणजे सगळ्यांचं झालं. साफ चूक आहे हे. परवाना कंपनीला दिलाय, रस्त्यावरच्या प्रत्येकाला नाही. तुम्ही त्या साइटवरचं शेअरचं बटण दाबून पोस्ट पुढे नेलीत तर ते चालतं, त्यात लेखकाचं नाव राहतं आणि लेखकाने मूळ पोस्ट काढली की शेअर केलेलीही रिकामी होते. कॉपी पेस्टचं तसं नाही. आणि आपल्या कायद्यातलं कलम ५७ तर म्हणतं की हक्क विकून टाकला तरी लेखक म्हणून नाव लावून घ्यायचा आणि लिखाणाची मोडतोड थांबवायचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

"सोशल मीडियावर होतं म्हणून घेतलं" हे कोर्टात चालत नाही याचं मोठं उदाहरण हैतीचं आहे. जानेवारी २०१० मध्ये तिथे भयंकर भूकंप झाला, डॅनियल मोरेल हे तिथलेच फोटोग्राफर, त्यांनी ढिगाऱ्यांतले फोटो काढून ट्विटपिकवर (ट्विटरवर फोटो दाखवायला तेव्हा वापरायचे ती साइट) टाकले आणि ट्विटरवर कळवले. दुसऱ्या एकाने ते स्वतःचे म्हणून टाकले, एएफपी या वृत्तसंस्थेने त्याच्याकडून उचलले आणि गेट्टी या फोटो विकणाऱ्या कंपनीमार्फत जगभर गेले. मोरेल यांनी हरकत घेतल्यावर उलट एएफपीच कोर्टात गेली, आणि तिचं म्हणणं काय, तर ट्विटरच्या टर्म्समध्येच इतरांना वापरायची मुभा आहे. २०१३ मध्ये न्यायाधीशांनी ते फेटाळलं, ट्विटरला दिलेल्या परवान्यातून एएफपीला विकायचा हक्क मिळत नाही असं ठरलं, आणि त्याच वर्षी ज्युरीने मोरेल यांना १२ लाख डॉलर द्यायला लावले.

एम्बेडचं, म्हणजे दुसऱ्याची पोस्ट मूळ साइटवरूनच आपल्या पानात दाखवण्याचं, प्रकरण मात्र इतकं सरळ नाहीये. स्टेफनी सिंक्लेअर या फोटोग्राफरकडे मॅशेबल या साइटने एक फोटो मागितला, ५० डॉलर देऊ केले, त्यांनी नाही म्हटलं, तर साइटने त्यांची इन्स्टाग्राम पोस्टच एम्बेड करून लेखात लावली. एप्रिल २०२० मध्ये न्यू यॉर्कच्या कोर्टाने म्हटलं की अकाउंट पब्लिक आहे, इन्स्टाग्रामला पुढे परवाना देता येतो, म्हणून हे चालतं, आणि जूनमध्ये त्याच न्यायाधीशांनी ते प्रकरण परत उघडलं, कारण इन्स्टाग्रामने खरंच तसा परवाना मॅशेबलला दिला होता का हे टर्म्सवरून स्पष्ट होत नव्हतं. बघा, फोटोग्राफरने तोंडाने नाही म्हटलेलं असताना पब्लिक-प्रायव्हेटच्या एका सेटिंगने तिच्या वतीने हो म्हटलं की नाही, यावर भांडण. आता इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये एम्बेड बंद करता येतं, फोटो-चित्रं टाकणाऱ्या सगळ्यांनी ते बघावं.

एआयने हे सगळं अजून अवघड केलंय. एक्सने नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेल्या टर्म्समध्ये सरळच लिहिलं की तुमचा मजकूर आम्ही एआय शिकवायला वापरू. मेटा फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या सज्ञान लोकांच्या पब्लिक पोस्ट आणि फोटो वापरतं. आता समजा तुम्ही २०१५ ची पोस्ट आज काढली, ९० दिवसांत सर्व्हरवरून गेली, परवाना संपला, पण त्या पोस्टवरून मॉडेल जे शिकलं ते परत काढून घ्यायची सोय या टर्म्समध्ये नाही. युरोपात मेटाने २०२५ मध्ये हे सुरू करताना लोकांना हरकत घ्यायचा फॉर्म द्यावा लागला, कारण तिथला कायदा तसा आहे.

आणि आपला? डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी तिथून १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यात कलम १२ प्रमाणे आपली माहिती पुसून मागायचा अधिकार आहे, चांगलं आहे. ज्या सोशल मीडियाचे भारतात दोन कोटी किंवा जास्त वापरकर्ते आहेत त्यांनी तीन वर्षं फिरकलाच नाही अशा माणसाचा डेटा, अकाउंटमध्ये परत शिरायला लागतो तेवढा सोडून, काढायचा आणि त्याआधी किमान ४८ तास त्याला कळवायचं, हेही आहे. पण कलम ३ मध्ये एक वाक्य आहे की जी माहिती माणसाने स्वतःहून सार्वजनिक केली तिला हा कायदाच लागू नाही, आणि कायद्यात त्याचं उदाहरणसुद्धा सोशल मीडियावर आपली माहिती उघड करणाऱ्या बाईचंच दिलंय. म्हणजे जिथे संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज आहे तिथेच दार उघडं ठेवलंय असं माझं स्पष्ट मत आहे. पब्लिक पोस्टवरचा तुमचा कॉपीराइट यामुळे जात नाही, तो वेगळा कायदा आहे, पण "माझी माहिती पुसा" म्हणायला हा कायदा तिथे हाताशी येणार नाही. म्हणून पोस्ट टाकताना फ्रेंड्स ठेवायचं की पब्लिक, हा निर्णय वाटतो त्यापेक्षा खूप मोठा आहे.

उलट्या बाजूचंही सांगायला पाहिजे. परवाना तुम्ही त्यांना दिलाय, पण तुमचं जपून ठेवायचं बंधन त्यांनी घेतलेलं नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, मायस्पेसने २०१९ मध्ये मान्य केलं की २०१६ च्या आधीची गाणी सर्व्हर बदलताना गेली, आणि २९ जून २०२० ला सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली त्यात टिकटॉक होतं, एका रात्रीत आपल्याकडच्या खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरापोरींचं, शेतात काम करता करता व्हिडिओ करणाऱ्या बायकांचं सगळं काम दिसेनासं झालं. मूळ फाइल ज्यांनी फोनमध्ये ठेवली होती त्यांचं राहिलं.

तर करायचं काय. महिन्यातून नाही तर वर्षातून एकदा तरी आपल्या अकाउंटचा डेटा डाउनलोड करून घ्या, सगळ्या मोठ्या साइटवर ही सोय आहे. अकाउंट सोडायचंच असेल तर आधी डेटा उतरवा, मग ज्या पोस्ट नको आहेत त्या एकेक काढा, मग डिलीट करा, डिअॅक्टिव्हेट नाही, आणि नंतरचे ३० दिवस चुकूनही लॉगिन करू नका. नवीन अॅप घेताना त्याच्या टर्म्सच्या पानावर लायसन्स हा शब्द शोधा आणि फक्त तो परिच्छेद शेवटपर्यंत वाचा, पाच मिनिटं लागत नाहीत. तुमचं लिखाण कुणी नाव कापून लावलं तर साइटवरच्या कॉपीराइटच्या फॉर्ममधून तक्रार करा, मोठ्या कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावाच लागतो, आणि त्याने दाद दिली नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

खाजगी, नग्न किंवा मॉर्फ केलेला फोटो असेल तर मात्र या परवान्याच्या भानगडीत पडूच नका, त्याला रस्ता वेगळा आणि जलद आहे. २०२१ च्या नियमांनी मुळातच अशा तक्रारीवर २४ तासांत कारवाई करायचं बंधन घातलं, तक्रार ज्याचा फोटो आहे तो किंवा त्याच्या वतीने दुसरं कुणी करू शकतं, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न सांगताही नोंदवता येते. तक्रारीआधी लिंक, स्क्रीनशॉट आणि तारीख-वेळ लिहून ठेवा, कारण फोटो साइटवरून उतरला की पोलिसांना दाखवायला तेवढंच उरतं.